गाइड जिथे थांबत नाही

लिस्बनच्या प्रासा दु कोमेर्सियु या नदीकाठच्या मोठ्या चौकात सकाळी दहाला आम्ही वीसेक जण जमलो होतो. तेजो नदीवरून गार वारा येत होता. चौकाच्या मध्यभागी राजा पहिला जुझे घोड्यावर बसलेला आणि त्याच्या चौथऱ्याशी पिवळी छत्री धरून आमची गाइड उभी. तिशीच्या आतली मुलगी, आवाज खणखणीत. पहिल्या पंधरा मिनिटांत तिने आम्हाला १७५५ सालात नेलं. १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण, चर्चं माणसांनी गच्च भरलेली, वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. भूकंप झाला, आगी लागल्या, लोक जीव मुठीत धरून मोकळ्या नदीकाठाकडे धावले आणि नेमकी तिथेच समुद्राची लाट चढून आली. मग पोंबाल या मंत्र्याने नव्याने आखलेले काटकोनी रस्ते, भिंतींच्या पोटात घातलेला लाकडी सांगाडा, आणि तो टिकेल का हे पाहायला नमुन्याच्या घराभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं ती सांगोवांगीची गोष्ट. मी कानात प्राण आणून ऐकत होतो.

भूकंपापूर्वी याच चौकात असलेल्या राजवाड्याबद्दल तिने एकच वाक्य सांगितलं: इथे होता, गेला. आणि छत्री उंच करून ती पुढे निघाली.

त्या राजवाड्यालाच लागून ‘कासा दा इंडिया’ होतं. गोवा, कोची, चौल, वसईकडे जाणाऱ्या जहाजांचा हिशेब, मिऱ्यांचे भाव, अधिकाऱ्यांच्या नेमणुका हा सगळा कारभार तिथून चाले. कोकणच्या माणसाच्या पणजोबांच्या खापरपणजोबांनी कोणत्या बंदरात किती कर भरायचा, याची मुळं त्या जागेत होती. भूकंपात ती कचेरीही राजवाड्याबरोबर गेली. चौकाच्या दगडी फरशीवर उभं राहून मला हे ऐकायचं होतं. मी रांगेत मागे होतो, आणि विचारेपर्यंत सफर कमानीखालून पलीकडे गेलीसुद्धा.

पायी सफर ही सुट्टीतली करमणूक आहे असं आपण धरून चालतो. मला ती सार्वजनिक महत्त्वाची गोष्ट वाटते. परगावाहून आलेला माणूस तिथल्या इतिहासाचं पुस्तक उघडत नाही, संग्रहालयात जाईलच याची खात्री नाही. तो अडीच तास एका माणसामागे चालतो, आणि त्या अडीच तासांत जे ऐकतो तेच त्याच्यासाठी ते शहर होतं. वर्षाला लाखो माणसं अशी चालतात. सफर ज्या जागेवर थांबत नाही, ती जागा त्या लाखोंपुरती पुसली जाते. म्हणून ती कुठे थांबावी हे एका गाइडच्या मर्जीवर आणि टिपेच्या हिशेबावर सोडून देऊ नये, असं माझं म्हणणं आहे.

रोसियुच्या चौकाकडे या. तिथली फरशी जगप्रसिद्ध आहे. काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांच्या लाटा, इतक्या हुबेहूब की चालताना पाय किंचित डुलल्यासारखे वाटतात. गाइडने सांगितलं की या लाटा म्हणजे समुद्र आहेत, आणि सगळ्यांनी खाली वाकून फोटो काढले. मी उकिडवा बसून एका तुकड्यावर बोट फिरवलं. मुठीत मावेल एवढा चुनखडीचा ठोकळा, हातोडीने घडवलेला, वरचा भाग माणसांच्या चपलांनी काचेसारखा गुळगुळीत झालेला. कडेला बोट गेलं की मात्र छिन्नीचा खरखरीतपणा अजून लागतो. या शैलीची फरशी लिस्बनमध्ये पहिल्यांदा १८४२ मध्ये साँव जॉर्जच्या किल्ल्यावर घातली गेली, आणि रोसियुच्या लाटा १८४८-४९ मध्ये. दोन्ही कामं बेड्या घातलेल्या कैद्यांकडून करून घेतलेली आहेत. ज्या दगडांवर आपण फोटोसाठी ओणवे होतो ते एकेक करून कैद्यांनी बसवलेत, हे ऐकायला अर्धं मिनिट लागतं. आमच्या सफरीत ते अर्धं मिनिट नव्हतं.

त्याच चौकाच्या उत्तरेला राष्ट्रीय नाट्यगृह आहे, १८४६ मध्ये उघडलेलं. दर्शनी भागाला उंच खांब, शिखरावर झिल व्हिसेन्त या जुन्या नाटककाराचा पुतळा. या नाट्यगृहाच्या जागी पूर्वी एस्ताउश राजवाडा होता आणि त्यात इन्क्विझिशनचं, धर्मन्यायपीठाचं, ठाणं होतं. पोर्तुगालमध्ये ते १५३६ मध्ये सुरू झालं, गोव्यात १५६० मध्ये, आणि गोव्यातलं ते मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. गोव्यातल्या कितीतरी घराण्यांनी आपले देव रातोरात नदीपार नेले, देवळं अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या भागात, नव्याने बांधली. मंगेशी आणि शांतादुर्गा आज जिथे आहेत तिथे का आहेत, याचं उत्तर शोधत निघालं की आधी हिंदू देवळं पाडणारी पोर्तुगीज राजवट लागते, मग त्याच राजवटीचं हे न्यायपीठ, आणि वाट शेवटी या चौकात येते.

आणखी एक माणूस इथे आठवायला हवा. गार्सिया द ओर्ता हा वैद्य लिस्बनच्या विद्यापीठात शिकवायचा. ज्यू घराण्यातला, सक्तीने ख्रिस्ती झालेल्यांपैकी. १५३४ मध्ये तो भारतात आला, गोव्यात वैद्यकी केली, आणि मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. आपली मुंबई. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून काढून जाळली. मेलेल्या माणसाला शिक्षा! ज्या व्यवस्थेने हे केलं तिचं मुख्य घर नाट्यगृहाच्या जागी होतं. मला तरी त्या दर्शनी भागावर याची ठळक खूण दिसली नाही. आमची सफरही नाटकांबद्दल बोलून पुढे सरकली.

पण पन्नास पावलांवर साँव दोमिंगुशच्या चर्चसमोर ती थांबली, आणि चांगली दहा मिनिटं थांबली. १५०६ च्या एप्रिलमध्ये याच चर्चमधल्या क्रूसावर प्रकाश दिसला, चमत्कार झाला असं लोक म्हणू लागले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या एका माणसाने शंका काढली. जमावाने त्याला तिथेच मारलं, आणि पुढचे तीन दिवस शहरभर ज्यू वंशाच्या माणसांना शोधून शोधून मारलं. दोन हजारांच्या आसपास तरी जीव गेले. गाइडचा आवाज इथे खाली आला. वीसही माणसं गप्प होती. मग आम्ही चर्चच्या आत गेलो. १९५९ च्या आगीत तडकलेले, सोलल्यासारखे लालसर खांब तसेच ठेवलेत. तिथून बाहेर आल्यावर कुणालाही लगेच शेजारच्या दुकानातली आंबटगोड चेरीची दारू प्यावीशी वाटली नाही, आणि गाइडनेही घाई केली नाही.

ही गोष्ट तिने सांगितली आणि नाट्यगृहाची नाही सांगितली, असं का? मला एकच कारण दिसतं. चर्चसमोर २००८ मध्ये बसवलेली स्मृतिशिला आहे. गोल कापलेला दगड, त्यावर डेव्हिडचा तारा, मजकूर, आणि शेजारच्या भिंतीवर अनेक भाषांत लिहिलेलं ‘लिस्बन, सहिष्णुतेचं शहर’. दगड असला की माणसं विचारतात, ‘हे काय आहे?’ मग गाइडला सांगावंच लागतं. जमिनीवर खूण नसेल तर विषय काढण्याची सगळी जबाबदारी गाइडच्या अंगावर पडते, आणि ती तिच्या पोटाच्या आड येते.

पोटाचा हा भाग नीट समजून घ्यायला हवा, कारण गाइडला दोष देणं सोपं आहे. युरोपच्या बहुतेक राजधान्यांत आता ‘फुकट’ पायी सफरी चालतात. आधी पैसे नाहीत, शेवटी आवडेल तेवढी टिप. ऐकायला हे उदार वाटतं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी गाइडला पगार नसतो, उलट सफरीला आलेल्या प्रत्येक डोक्यामागे ठरावीक रक्कम तिलाच कंपनीला द्यावी लागते. म्हणजे वीस माणसं आली आणि पाच जण शेवटच्या वळणावर गुपचूप निघून गेले, तर नुकसान तिचं. अशा माणसाने शेवटच्या अर्ध्या तासात गुलामांच्या बाजाराबद्दल बोलावं अशी अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं. ती सफर केकच्या दुकानाशी आणि सूर्यास्ताच्या गच्चीशी संपवणार, हे उघड आहे. लोक हसतमुख असले की हात खिशात जातो.

यावर सरसकट उत्तर मिळतं की पर्यटकांना दुःख नकोच असतं, ते सुट्टीवर आलेले असतात. हे खरं नाही. बर्लिनच्या कुठल्याही पायी सफरीत २००५ मध्ये उभं राहिलेलं, नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या आठवणीतलं २७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचं स्मारक बहुधा असतंच, आणि त्या सफरी ओस पडलेल्या नाहीत. तिथल्या फुटपाथवर घराघरासमोर दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेत. या घरात अमुक राहत होती, अमुक साली तिला नेलं, अमुक छावणीत मारलं. गाइड बोलत असताना माणसं आपणहून खाली बघतात आणि नाव वाचतात. बर्लिनला जाणाऱ्याची सुट्टी त्यामुळे वाया जात नाही. लिस्बनला येणारा माणूस वेगळ्या मातीचा नसतो.

आता कार्मुच्या चौकाविषयी. जॅकरांडाची झाडं, मधे कारंजं, बाजूला भूकंपात छप्पर कोसळलेल्या मठाच्या उघड्या कमानी. २५ एप्रिल १९७४ रोजी कॅप्टन साल्गैरु माय्याने चिलखती गाड्या आणून इथल्या बराकीला वेढा घातला. आत हुकूमशहा सालाझारचा वारस मार्सेलु कायतानु लपला होता. संध्याकाळपर्यंत त्याने सत्ता सोडली. उपाहारगृहात काम करणाऱ्या सेलेस्त कायैरु या बाईने सैनिकांना कार्नेशनची फुलं दिली, त्यांनी ती बंदुकीच्या नळ्यांत खोवली. गाइडने हे असं सांगितलं की माझेही डोळे भरून आले. अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही एका दिवसात गेली, हे पोर्तुगीज माणसाने अभिमानाने सांगावंच.

पण हे सैनिक उठले का? कारण तेरा वर्षं त्यांना अंगोला, गिनी आणि मोझांबिकमध्ये वसाहती टिकवण्याच्या लढाईत झोकलं होतं. ती लढाई जिंकता येणार नाही हे त्या तरुण अधिकाऱ्यांना तिथे मरणारी माणसं बघून कळलं होतं. फुलांच्या गोष्टीतून आफ्रिका काढून टाकली तर कारणच निघून जातं आणि उरतं ते एक गोड चित्र. आमच्या सफरीत तेवढंच चित्र उरलं होतं.

आपला धागाही इथेच आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा सालाझारने गव्हर्नर व्हासालु इ सिल्व्हाला शेवटच्या माणसापर्यंत लढायचा हुकूम दिला होता. त्या गव्हर्नरने १९ डिसेंबरला शरणागती पत्करून हजारोंचे जीव वाचवले, त्याबद्दल त्याला सैन्यातून काढून टाकलं. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, म्हणजे कार्मुच्या चौकात जे घडलं त्यानंतर आठ महिन्यांनी. पणजीच्या माणसाला या कारंज्यापाशी उभं राहून परकं वाटायचं कारण नाही.

चौकातून उतरून शियादुकडे गेलं की अंतोनियु मारिया कार्दोझु नावाचा रस्ता लागतो. तिथे ‘पीडे’ या राजकीय पोलिसांचं मुख्यालय होतं. २५ एप्रिलच्या त्याच दिवशी, शहर फुलं वाटत असताना, या इमारतीतून जमावावर गोळीबार झाला आणि चार माणसं मेली. आज तिथे श्रीमंतांचे फ्लॅट आहेत, भिंतीवर एक पाटी आहे. सफर संपल्यावर मी गाइडला विचारलं, तिकडे का नेत नाहीस? तिने टाळलं नाही. म्हणाली, ‘अडीच तासांत बसत नाही. आणि नेलं तरी दाखवू काय, फ्लॅटचं दार?’ तिचं उत्तर प्रामाणिक होतं. शहराने ज्या जागेचे फ्लॅट होऊ दिले तिथे तिने एकटीने काय उभं करायचं?

मग मी तिला मोहन रानड्यांबद्दल सांगितलं. सांगलीचा मुलगा, गोव्यात शिक्षक म्हणून शिरला, गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेला. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात आणून टाकला गेला. गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. बाहेर सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी झटत होते. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये, गोवा मुक्त होऊन सात वर्षं लोटल्यावर. तिने फोन काढला, नाव दोनदा विचारून टिपून घेतलं. काशियाश तिच्या घराच्या वाटेवर होतं, असं म्हणाली.

उपाय म्हणून काही जण गाइडना सरकारी परवाना सक्तीचा करा म्हणतात. पोर्तुगालमध्ये २०११ पासून गाइड व्हायला परवाना लागत नाही, इटली-ग्रीसमध्ये लागतो. मला हा उपाय पटत नाही. सरकारने मंजूर केलेला इतिहास काय असतो हे लिस्बनच्या बेलेम भागात जाऊन बघता येतं. १९४० च्या मोठ्या प्रदर्शनासाठी सालाझारच्या राजवटीने दर्यावर्दींचं स्मारक तात्पुरतं उभारलं आणि १९६० मध्ये ते दगडात पक्कं केलं. तेहतीस माणसांच्या मूर्ती, त्यात एकच बाई. त्याच प्रदर्शनात जवळच्या बागेत वसाहतींतली जिवंत माणसं बघायला मांडली होती. ती बाग आजही आहे, आफ्रिकी आणि आशियाई चेहऱ्यांचे अर्धपुतळे त्या प्रदर्शनातून उरलेत, आणि जगभरचे लोक ज्या केकसाठी रांग लावतात ते १८३७ पासूनचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर आहे. परवाना देणारं सरकार उद्या कोणाचं असेल सांगता येत नाही. म्हणून माझा भर जमिनीवरच्या खुणेवर आहे. एकदा दगड बसला की परवाना असो-नसो, प्रत्येक गाइडला तिथे थांबावं लागतं.

लिस्बनकरांना हे कळत नाही असं अजिबात नाही. २०१७ मध्ये नागरिकांनी पालिकेच्या लोकसहभागी अंदाजपत्रकात मतं देऊन गुलामगिरीचं स्मारक मंजूर करून घेतलं. अंगोलाच्या किलुआंजी किया हेंडा या कलावंताची कल्पना निवडली गेली: उसाचं काळं शेत, नदीकाठी. त्यानंतर ते वर्षानुवर्षं रखडलं. १५१५ मध्ये राजा मानुएलने मेलेल्या गुलामांची प्रेतं टाकायला खड्डा खणायला सांगितला होता, कारण ती उघड्यावर पडून कुजत होती. त्या भागातल्या रस्त्याचं नाव आजही ‘काळ्यांची विहीर’ असं आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर शहरातला दर दहावा माणूस गुलाम होता. जे शहर दगडी तुकड्यांनी समुद्राच्या लाटा काढतं, ज्याच्या पालिकेने १९८६ पासून फरशी घडवणाऱ्या कारागिरांची शाळा चालवली आहे, त्याला त्या रस्त्याच्या फरशीत चार ओळी लिहिणं अवघड नाही.

पोर्तुगीज माणसाचा एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. आमच्या खलाशांचं धाडस काय कमी होतं का, तुम्ही आम्हाला सतत खाली मान घालायला का लावता? २०१८ मध्ये ‘शोधांचं संग्रहालय’ या प्रस्तावित नावावर शंभरावर अभ्यासकांनी हरकत घेतली तेव्हा हाच राग वर आला होता. धाडस होतंच. पंधराव्या शतकात लाकडी होडग्यात बसून आफ्रिकेला वळसा घालणाऱ्यांची हिंमत मी कमी लेखणार नाही, आम्हीही किनाऱ्यावरची माणसं आहोत. पण त्याच वास्को द गामाने १५०२ मध्ये मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं. जेरोनिमुशच्या मठात त्याच्या देखण्या समाधीशी उभं राहून दोन्ही सांगता येतं. ऐकणारा दोन्ही पेलू शकतो.

आणि हे मी फक्त त्यांना सांगतोय असं नाही. वसईच्या किल्ल्यात मी माझ्या मुलांना चिमाजी अप्पांचा १७३९ चा विजय सांगितला आणि तिथेच थांबलो. त्या तटांच्या आत दोनशे वर्षं राहिलेल्या, इथल्याच मातीत जन्मलेल्या ख्रिस्ती माणसांचं त्यानंतर काय झालं हे मी सांगितलं नाही, कारण मला विजयावर थांबायचं होतं. तेही सांगायला हवं होतं.

सफरीच्या दुसऱ्या दिवशी मी काइश दु सोद्रे स्थानकातून काशियाशची गाडी पकडली. रूळ तेजोच्या कडेकडेने जातात, डब्यात समुद्रावर निघालेली पोरं होती, पायात स्लिपर, खांद्यावर टॉवेल. काशियाशला उतरून वर चढलं की भिंत दिसते. तिथे आजही तुरुंग आहे, आत जाता येत नाही. २६ एप्रिल १९७४ च्या रात्री राजकीय कैद्यांसाठी हे दार उघडलं, नातेवाईक बाहेर ताटकळत उभे होते. रानडे त्याआधी पाच वर्षं सुटून गेले होते.

स्पेन-पोर्तुगालच्या टूरला आता पुण्या-मुंबईचे, गोव्याचे गट बारमाही जातात. बेलेमला बस थांबते, स्मारकासमोर फोटो होतो, केक खाल्ला जातो. त्यांतल्या प्रत्येक गटातल्या एकाने तरी गाइडला एवढंच म्हणावं: आम्हाला अंतोनियु मारिया कार्दोझु रस्त्यावरच्या त्या पाटीपाशी न्या, तिथून माणसं काशियाशला जायची आणि काशियाशच्या कैद्यांतला एक आमच्या सांगलीचा होता. गाइड ‘वेळ नाही’ म्हणेल. कवी कामोंइशच्या पुतळ्यापासून तो रस्ता पायी जेमतेम पाच मिनिटांवर आहे.